इंद्रजीतच्या छातीतली बारी

इनामगावच्या इंद्रजीत घाडगेला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं मोजकीच. आवाजानं ओळखणारी मात्र सगळ्या शिरूर तालुक्यात. दिसायला माणूस अगदी बेताचा. रस्त्यावर हात दाखवून उभा राहिला तर एसटीवालासुद्धा थांबायचा नाही. पण हाच किडकिडीत गडी बैलगाडा शर्यतीच्या मंचावर चढला, माईक हातात घेतला आणि "राऽऽम राम मंडळी!" म्हणाला, की पार खालच्या टोकाला भेळ खाणारा माणूस हातातला कागद तसाच धरून वर बघायला लागायचा.

ज्यांनी शर्यत पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे घाट म्हणजे चढाची लांब धावपट्टी. चार बैलांचा गाडा खालून सुटतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर येतो. ही झाली एक बारी. अशा बाऱ्या दिवसभर पळत राहतात. मधल्या वेळात हजारो माणसांना जागेवर धरून ठेवायचं, गाडामालकांची नावं मानपानासकट घ्यायची, रुसलेल्याची समजूत काढायची, धावपट्टीत घुसलेल्यांना हाकलायचं, आणि बारी सुटली रे सुटली की "झालीऽऽ झालीऽऽ झालीऽऽ भिर्रर्र!" करत सगळा घाट डोक्यावर घ्यायचा, हे निवेदकाचं काम. नुसता मोठा आवाज असून भागत नाही. आवाजात जोर हवा, जिभेवर साखर हवी आणि गावकीच्या राजकारणाची अक्कल हवी. इंद्रजीतकडे तिन्ही गोष्टी होत्या.

तो जन्मला तेव्हा त्याचं रडणं ऐकून वाडीवरची बयाबाई चूल सोडून पळत आली होती, असं त्याची आई सोजराबाई सांगते. सोजराबाई कशालाही तिखटमीठ लावते, ते सोडून द्या. पण एवढं खरं की या माणसाला हळू बोलताच यायचं नाही. बायकोच्या कानात काही सांगायला गेला तर शेजारच्या घरातून उत्तर यायचं. पोटापाण्याला ऊस आणि कांदा होता, घर चाललं होतं. जीव मात्र माईकमध्ये होता. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी इंद्रजीत, गणपतीत इंद्रजीत, आणि कुणी गेलं तर नदीकाठी दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली की माईकवर पुन्हा इंद्रजीतच.

आणि नेमका या माणसाचा आवाज गेला. तोही भर घाटावर, तोही गावच्याच यात्रेत.

गेल्या चैत्रातली गोष्ट. शेवटची मोठी बारी होती. गाडा होता शंकररावांचा. शंकरराव म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष, गाडामालक, आणि बोलायला असे की नमस्कारसुद्धा दम दिल्यासारखा करायचे. निशाण पडलं. इंद्रजीतनं "झाली" म्हणायला श्वास घेतला आणि तो श्वास घशातच अडकला. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, उन्हात कपाळावर गार घाम फुटला. आता आपण मरतोय, ह्याच मंचावर, अशी त्याची पक्की खात्री झाली. खाली बैल जीव तोडून पळाले आणि वर माईक गप्प. गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच एक बारी मुकी पळाली.

इंद्रजीतनं काय करावं? त्यानं माईक बोटानं ठोकला आणि आवाजाच्या मशीनकडे हात केला. झालं! सगळी कमिटी त्या मशीनवाल्या भिमावर तुटून पडली. बिचारा भिमा वायरी तपासत राहिला. शंकरराव जाता जाता म्हणाले, "पुढच्या यात्रंला असं झालं तर माईक बी दुसरा आन् माणूस बी दुसरा."

इंद्रजीत मेला नाही. थोड्या वेळानं सगळं आपोआप शांत झालं. पण ते पुन्हा आलं. डेअरीवर दूध घालताना आलं, उसाला पाणी देताना आलं, केस कापताना न्हाव्याच्या खुर्चीत आलं. मग ते येईल याचीच भीती बसली आणि त्यानं घाट घेणंच बंद केलं. घसा बसलाय म्हणून सांगायचा. सांगायचा तेही अशा खणखणीत आवाजात की ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही.

शिरूरला डॉक्टरांकडे गेला. त्यांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली. पट्टी एकदम स्वच्छ. पण वायरी लावता लावता कंपाउंडरनं आवाज ओळखला. "आवो, तुमी इंद्रजीतभाऊ ना? एकदा झाली करा की!" म्हणून तो हटून बसला. उघड्या छातीला वायरी लटकताहेत, बाहेर पेशंट दारातून डोकावताहेत, आणि हा पलंगावर पडून "झालीऽऽ" करतोय. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा मनाचा ताण दिसतो, त्यातला माणूस गाठा. आता मनाचा माणूस कुठून आणायचा? सोजराबाईनं तिच्या ओळखीतला देवऋषी गाठला. त्यानं लिंबू उतरवलं आणि निघताना हळूच सांगितलं, "पुढच्या घाटाव आपलं बी नाव घ्या जरा." पुण्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर मिळाला. इंद्रजीतनं धीर करून फोन लावला, नुसतं "हॅलो" म्हणाला, तर पलीकडची पोरगी चित्कारलीच, "अगंबाई, घाटावरचे भाऊ! माझं माहेर तुमच्याच तालुक्यातलं, मांडवगणचं!" त्यानं विंचू चावल्यासारखा फोन ठेवला. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तसं झालं. फरक एवढाच की इथे अख्खा तालुकाच जावई होता.

वाट सापडली ती बायकोमुळे. सुलक्षणाचं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. संक्रांतीला माहेरी गेली होती, ती परत आली तेव्हा पाय जमिनीवर ठरत नव्हते तिचे. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आवो, हाय की! हितंच हाय, केडगावात! आन् आपण पुण्याचे फोन फिरवतोय. काखंत कळसा न् गावाला वळसा!"

"काय हाय केडगावात?"

"मनाच्या डॉक्टर. इवा मॅडम. आमच्या भावजयीला, स्नेहलला, बाळंतपणानंतर काय झालं हुतं, ठावं हाय न्हवं? लेकराला जवळ घ्यायची न्हाई, दिसभर रडायची. ती आता मला पुरणपोळी करून वाढती! ह्या मॅडमनी बरी केली तिला."

"वेड्यांची डॉक्टर?" इंद्रजीतनं कपाळाला आठ्या घातल्या.

"वेडी मी हाय, तुमच्यासंगं लगीन केलं म्हणून. गोळी न्हाई, सुई न्हाई. नुसतं जाऊन बोलायचं."

"आगं, बोलायचंच तर भ्या वाटतंय मला!"

"मग तेच सांगा की त्यांना," सुलक्षणा म्हणाली आणि तिनं स्वतःच फोन लावला. नवऱ्याचं नाव सांगायची सोय नव्हती. तेव्हा वेळ ठरली ती 'खुटबावचे जावई' या नावावर.

इंद्रजीतनं हिशेब केला. न्हावरं मागं टाकायचं, पारगावचा पूल ओलांडला की भीमेपलीकडे दौंड तालुका. तिकडे कशाला कोण ओळखतंय? तरीही त्यानं डोक्याला-तोंडाला उपरणं गुंडाळलं, मोटारसायकल काढली आणि मनाशी एक युक्ती ठरवली. मॅडमसमोर बसेपर्यंत तोंड उघडायचंच नाही. ओळखायचा धोका आवाजाचा ना? मग आवाजच नको!

केडगावात स्टेशनकडून मिशनच्या बाजूला वळलं की लिंबाच्या झाडाखाली एक कौलारू घर लागतं. ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते. हे इसहाक आजोबा, इवाचे आजोबा.

"सलाम," आजोबा म्हणाले. "कोण आपण?"

इंद्रजीतनं हात जोडले आणि तोंडापुढे बोट हलवलं.

"बोलता येत न्हाई व्हय?"

इंद्रजीतनं मान हलवली.

आजोबांचा चेहरा कळवळला. "अरं देवा! ही पोरगी बोलून बोलून माणसं बरी करती, आन् ह्या बिचाऱ्याला बोलताच येत न्हाई! इवाऽ! मुका माणूस आलाय गं!" मग त्यांना माणुसकीचा उमाळा आला. त्यांनी मोबाइल इंद्रजीतपुढे धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून विचारलं, "ऐकू तर येतंय न्हवं? मग हे ऐका!"

मोबाइलमधून आवाज आला, "झालीऽऽ झालीऽऽ झालीऽऽ भिर्रर्र!"

इंद्रजीत जागच्या जागी थिजला. आवाज त्याचाच होता.

"काय माणूस हाय!" आजोबा मांडीवर थाप मारत म्हणाले. "मी रोज बघतो. देवानं काय गळा दिलाय! पर गेल्या साली मशीन बंद पडली म्हणं, तवापास्नं नवा इडिओच न्हाई." इंद्रजीतला उपरण्याच्या आत घाम फुटला. तेवढ्यात दारात इवा आली आणि त्याला आत घेऊन गेली, नाहीतर त्याची धडधड तिथेच ओट्यावर सुरू झाली असती.

इवा रणपिसे तिशीतली, साध्या सुती कपड्यातली बाई. पुण्यात शिकली, तिथेच काही काळ दवाखान्यात होती, मग गावाकडे परत आली. खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि एक खिडकी. तिनं दार लावलं. "इथं बोललेलं या खोलीबाहेर जात नाही," ती म्हणाली. "लिहून सांगता का? कागद देऊ?"

इंद्रजीतनं उपरणं सोडलं. दाराकडे बघितलं. आणि मग धरण फुटावं तसा तो बोलायला लागला. मुकी पळालेली बारी, कंपाउंडर, देवऋषी, भिमाला खायला लावलेल्या शिव्या, सगळं. यात एकच घोटाळा झाला. आधीच सांगितलंय, या माणसाला हळू बोलता येत नाही. बाहेर ओट्यावर खुर्ची धाडकन सरकल्याचा आवाज आला. इवानं दार उघडलं तर आजोबा डोळे विस्फारून उभे.

"मी काय बी ऐकलं न्हाई," आजोबा म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी त्यांना राहवलं नाही. "पर पोरी, ह्यो त्योच हाय गं! त्योच!"

"आजोबा!"

"चाललो, चाललो. फाटकापाशी बसतो. बायबलावर हात ठेवून सांगतो भाऊ, हे तोंड उघडणार न्हाई." जाता जाता त्यांनी इंद्रजीतला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

इवानं माफी मागितली. यापुढे आजोबांना या वेळेला चर्चच्या बागेत पाठवीन म्हणाली. पण गंमत अशी झाली की इंद्रजीतचा ताणच गेला. जे व्हायला नको म्हणून इतक्या लांब, तोंड बांधून आलो, ते आल्या आल्या झालं, आणि आकाश काही कोसळलं नाही. तो चक्क हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

इवानं मग सावकाश विचारायला सुरुवात केली. हे सुरू होण्याआधीच्या वर्षात घरात काय काय झालं?

"इशेष काय न्हाई. आबा गेलं. माझं वडील, मारुतराव. घास घेता घेता गेलं."

"मग दहाव्याला तुम्ही..."

"दशक्रिया मोठी झाली!" इंद्रजीत ताठ बसला. "घोड नदीच्या काठाला पाय ठिवायला जागा नव्हती. आमदार, कारखान्याचं संचालक, समदं आलं. एवढी भाषणं झाली, पर एक नाव चुकलं न्हाई."

"माईक कोणाकडे होता?"

"माझ्याकडंच. दुसरं कोण हुतं तसलं?"

नदीकाठी वडिलांच्या पिंडासमोर बसायचं सोडून, त्याच दिवशी केस उतरवलेला मुलगा हातात माईक घेऊन उभा आहे आणि यानंतर श्रद्धांजली वाहण्यासाठी अमुक अमुक साहेबांना विनंती करतो आहे, हे इवाच्या डोळ्यांसमोर आलं असणार. आमच्या भागात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ज्याच्याकडे कला आहे त्यानं ती घरच्या कार्याला वापरायचीच. आचाऱ्यानं स्वतःच्या बापाच्या तेराव्याचा स्वयंपाक करावा, तसं.

"कावळा शिवला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मंडपात. सभापतींचं भाषण चालू हुतं."

"आणि रडलात कधी?"

"माईक हातात आसल्याव कसं रडायचं?"

"आणि नंतर?"

"नंतर मांडव सोडायचा हुता. मग पावणं. मग उसाला तोड आली..." इंद्रजीत थांबला. "राहूनच गेलं," तो म्हणाला, आणि हे तो हळू म्हणाला. इतकं हळू की इवाला पुढे वाकावं लागलं. मग तो रडला. रडलाही आपल्या पद्धतीनंच. फाटकापाशी इसहाक आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सगळ्याचं मूळ एवढंच आहे असं आजच म्हणणार नाही, इवा म्हणाली. पण सुरुवात इथून करू. आणि निघायच्या आधी तिनं विचारलं, "भाऊ, सुटलेली पण कधीच न संपलेली बारी बघितलीय तुम्ही?"

"छ्या! बारी संपतीच."

"छातीत धडधड सुटते, तीपण बारीच आहे. सुटते, जोरात पळते, वर येते आणि संपते. तुम्ही काय करता? तिला अडवायला धावपट्टीत उतरता. मग तुडवले जाता. उतरू नका. मंचावर बसा आणि पुकारा करा. कुठून सुटली, कुठवर आली, मोठ्यानं सांगा."

इंद्रजीतनं आयुष्यभर जे काम केलं तेच औषध निघालं होतं! परत येताना पारगावच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली, उपरणं सोडून हँडलला बांधलं आणि खालच्या भीमेकडे बघून एक आरोळी ठोकली. मागून येणारा टेम्पोवाला दचकून थांबला. "काय झालं भाऊ?" "काय न्हाई, माणूस घावला!" इंद्रजीत म्हणाला.

त्यानंतर उसाच्या फडातून भलताच पुकारा ऐकू यायला लागला. "सुटलीऽऽ! छातीतनं सुटली, गळ्यापतुर आली, हाताला मुंग्या, आली आली, आन् झालीऽऽ!" बांधावर सुलक्षणा तोंडाला पदर लावून हसायची. सोजराबाईला वाटलं लेक आता पुरता गेला. पण लेक जेवायला लागला होता. एकदा तर जेवता जेवता त्याला आबांची आठवण आली आणि तो ताटावरच रडला. सोजराबाईही रडली, आणि मग दोघांनी मिळून भाकरी संपवली. धडधड काही एकदम गेली नाही. यायची, पण लवकर संपायची. केडगावच्या फेऱ्या चालू राहिल्या. एकदा इवा म्हणाली, "माझ्याकडे सगळे तोंड बांधूनच येतात, भाऊ. निम्मी ताकद लपवण्यातच जाते. तुमच्यासारख्यानं चार लोकांत माझं नाव सांगितलं तर किती जणांचं सोपं होईल!" इंद्रजीतनं कानाला हात लावले. "मॅडम, तेवढं सोडून बोला. घाटावरनं उतरवत्याल मला."

आणि चैत्र आला. गावची यात्रा आली. शंकररावांनी इंद्रजीतला माईक दिला खरा, पण मंचाच्या मागे खुर्ची टाकून दुसऱ्या गावचा एक निवेदक चहा पाजत बसवून ठेवला. इशारा स्पष्ट होता. आज आवाज अडला तर ती खुर्ची पुढे येणार आणि इंद्रजीत कायमचा मागे जाणार.

सकाळ अशी गेली की विचारू नका! आवाज नुसता घुमत होता. भंडारा उधळत होता, टोप्या उडत होत्या, आणि इंद्रजीत मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत होता. केडगावाहून इसहाक आजोबा मुद्दाम आले होते. पुढच्या रांगेत बसून ते अनोळखी माणसांना कोपरानं ढोसून सांगत होते, "बघितलं का? बघितलं का?"

उन्हं कलली. शेवटची मोठी बारी आली. पुन्हा शंकररावांचाच गाडा. इंद्रजीतनं नाव घेतलं आणि छातीत काहीतरी हललं. तेच. हाताला मुंग्या आल्या, घसा आवळला. मागच्या खुर्चीवरच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. भिमानं मशीनवरून घाबरून वर बघितलं. पुन्हा शिव्या खाव्या लागणार असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. ते तोंड इंद्रजीतला बघवेना.

"बैल धरा!" तो माईकवर म्हणाला. आवाज फाटला होता. "निशाण टाकू नका. मंडळी, मशीन चांगली हाय. मशीन गेल्या साली बी चांगलीच हुती. भिमा, तुझी माफी मागतो गड्या. बंद मी पडलो हुतो."

खाली गड्यांनी बैल आवरून धरले.

"माझा बाप गेला तवा बी माईक माझ्याच हातात हुता. रडायचं राहून गेलं. आता माझी छाती धडधडती. आत्ता बी धडधडती. त्याचं औषीध मी घेतोय, केडगावला, मनाच्या डॉक्टरकडं. ह्यो माझ्या छातीतला गाडा हाय, एवढी बारी पळू द्या, मग तुमची." आणि त्यानं डोळे मिटले. "सुटलीऽऽ मंडळी! छातीतनं सुटली... गळ्यापतुर आली... हाताला मुंग्या... आली, आली, वर आली..." कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, तर शेजारच्या बाईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पुन्हा कुणी हसलं नाही. हजारो माणसं एका माणसाच्या छातीकडे कान लावून उभी. "आली... टोकाला आली... आन्..." त्यानं मोठा श्वास घेतला. श्वास आत गेला, आणि बाहेर आला. "झालीऽऽऽ! झालीऽऽऽ! भिर्रर्र!"

घाट फुटला! टोप्या, उपरणी, भंडारा, सगळं एकदम वर गेलं. इसहाक आजोबा खुर्चीवर चढले होते आणि दोन माणसं त्यांना खाली उतरवत होती.

आणि त्या गोंधळातून शंकरराव मंचाकडे येताना दिसले. कपाळावर आठ्या, हातात काठी. बैल खाली धुसफुसत होते, त्यांचीच बारी या माणसानं अडवली होती. लोकांनी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. मागच्या खुर्चीवरचा निवेदक उठून उभा राहिला. शंकरराव मंचावर चढले, इंद्रजीतच्या अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बाई माझ्या वयाच्याला बी बघत्यात का रं? थोरला भाऊ गेल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. घरात बी ठावं न्हाई कुणाला."

इंद्रजीतनं झटकन माईक तळव्यानं झाकला. "बघत्यात आप्पा. कुणाला कळू न देता जाऊ. मी नेतो तुमाला."

शंकररावांनी समोरच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी इंद्रजीतचा हात धरला आणि माईकवरून बाजूला केला.

"झाकतो कशापायी? पत्ता सांग मोठ्यानं. आन् आधी माझं नाव घे. म्हंजी मग कुणी हसणार न्हाई."

इंद्रजीतनं त्यांच्याकडे बघितलं. मग माईक तोंडाशी नेला आणि कुठल्याही नामांकित गाड्याचं घ्यावं तसं, पूर्ण मानपानासकट नाव घेतलं. "यात्रा कमिटीचे अध्यक्ष, सन्माननीय शंकररावआप्पा, हे येत्या रविवारी केडगावला, मनाच्या डॉक्टर इवा रणपिसे मॅडम यांच्याकडं, माझ्यासंगट येणार हायेत! स्टेशनकडनं मिशनच्या बाजूला वळायचं, लिंबाच्या झाडाखालचं कौलारू घर!"

घाटावर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलं नाही. बायका बसल्या होत्या तिकडून एक आवाज आला, चिरका आणि घाईचा.

"भाऊ, पत्ता परत सांगा!"

आणि लगेच खालच्या टोकाकडून दुसरा आला, "हितं ऐकू आलं न्हाई, परत सांगा!"